मामूंच्या चार बाटल्या

ईदला आम्ही मामूंकडे गेलो, तर त्यांच्या उशाशी चार बाटल्या: माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, लसणाच्या गोळ्या, हळदीचा अर्क आणि व्हिटॅमिन ई. कोलेस्टेरॉलची गोळी मात्र बंद. "हे सगळे नैसर्गिक आहे, ती इंग्रजी दवा कशाला?" मामू म्हणाले. दोन वर्षांपूर्वीच त्यांना स्टेंट बसवला आहे. घरी येऊन आम्ही या बाटल्यांमागे पुरावा किती, ते शोधायला बसलो.

अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी २०२२ साली एक चाचणी जाहीर केली. सुमारे १९० जणांपैकी काहींना रोसुवास्टॅटिनची ५ मिलिग्रॅमची गोळी दिली, इतरांना माशाचे तेल, लसूण, हळद, दालचिनी असे काही, तर काहींना औषध नसलेली नुसती गोळी. २८ दिवसांत रोसुवास्टॅटिनने वाईट कोलेस्टेरॉल सुमारे ३८ टक्के उतरले. बाकीच्यांचा परिणाम नुसत्या गोळीपेक्षा सरस ठरला नाही. चाचणी छोटी होती, खर्चही औषध कंपनीचा होता, हे सांगायलाच हवे.

पण माशाच्या तेलावर मोठ्या चाचण्याही झाल्या आहेत. २०१८ च्या 'व्हायटल' चाचणीत २५,८७१ लोक होते. रोज १ ग्रॅम तेल घेऊनही हृदयविकार, पक्षाघात व हृदयामुळे होणारे मृत्यू यांची एकत्रित संख्या लक्षणीय घटली नाही. त्याच वर्षी, रक्तातील चरबी वाढलेल्या रुग्णांना शुद्ध ईपीए रोज ४ ग्रॅम दिल्यावर असे प्रसंग २५ टक्के कमी झाले. पण २०२० मध्ये वेगळ्या मिश्रणाचे ४ ग्रॅम देऊन फायदा दिसला नाही. म्हणजे वाद बाकी आहे, आणि मोठ्या मात्रेने हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो. दुकानातली साधी कॅप्सूल म्हणजे ते ४ ग्रॅमचे औषध नव्हे. व्हिटॅमिन ईचा फायदा तर मोठ्या चाचण्यांत दिसलाच नाही.

यातल्या त्यात इसबगोल बरा. रोज नेमाने घेतल्यास कोलेस्टेरॉल थोडे उतरते. पण गोळीसोबत, गोळीऐवजी नाही. भरपूर पाण्याबरोबर, इतर औषधांपासून दोन तास अंतर ठेवून घ्यावा. रमजानमध्ये इफ्तारनंतरची वेळ सोयीची.

कॅप्सूलच्या जिलेटिनचाही प्रश्न आहेच. ते कोणत्या जनावराचे, हे बाटलीवर बहुधा लिहिलेले नसते.

आम्ही मामूंना बाटल्यांसकट डॉक्टरांकडे नेले. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर लसणाचा अर्क घेतल्याने रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून तो बंद झाला. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली. मामींनी लसणाची बाटली मात्र फेकली नाही. पैसे मोजलेत म्हणे.