समुद्रातली टक्कर आणि खारफुटीतलं तेल

जलवाहतूक शिकवताना मी ७ ऑगस्ट २०१० ची घटना हमखास सांगते. मुंबई बंदराजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया ३' ही मालवाहू जहाजं एकमेकांवर आदळली. चित्रा कलंडलं, शेकडो कंटेनर पाण्यात पडले. काहींत तर कीटकनाशकं होती. खलाशी वाचले. पण सुमारे ८०० टन तेल सांडलं आणि उरण-अलिबागच्या खारफुटीपर्यंत पोचलं. खारफुटीची मुळं श्वास घ्यायला चिखलातून वर येतात, नेमका त्यांवरच तेलाचा थर बसला. कोळीबांधवांची मासेमारी थांबली ती वेगळीच.

मुलं विचारतात, "बाई, चूक कप्तानाची ना?" १९९८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेली 'आयएसएम' ही आंतरराष्ट्रीय सुरक्षा संहिता एवढ्यावर थांबत नाही. जहाज चालवणाऱ्या कंपनीने कामाची पद्धत लिहून ठेवायची, संकटाचे सराव घ्यायचे, थोडक्यात टळलेल्या अपघाताचीही नोंद करायची. किनाऱ्यावर एक जबाबदार माणूस नेमायचा, जो थेट वरिष्ठांशी बोलू शकेल. (आपल्या शाळेची आपत्ती व्यवस्थापनाची फाइल आठवली ना? कागद पूर्ण, सराव मात्र राहून गेलेला!)

वर्गात परातीत पाणी घ्या, चमचाभर गोडेतेल टाका आणि मुलांना ते कापसाने टिपायला सांगा. माझ्या वर्गात तास संपला, तरी परातीच्या कडा तेलकटच होत्या.