मेंढरांचे बिऱ्हाड

न्यूयॉर्क राज्यात, सेनेका सरोवराच्या दक्षिण टोकाशी, वॉटकिन्स ग्लेन नावाचे एक लहानसे गाव आहे. त्याच्या आसमंतातील टेकड्यांवर ‘फार्म सँक्च्युअरी’ या संस्थेची कुरणे पसरली असून, बाजाराच्या, कत्तलखान्याच्या वा धन्याच्या बेपर्वाईच्या तावडीतून सुटलेली मेंढरे, बकऱ्या, गुरे, डुकरे आणि कोंबड्या तेथे आश्रयास आहेत. संस्थेचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. १९८६ साली जीन बाऊर आणि लॉरी ह्यूस्टन या दोघांनी ती स्थापिली, आणि आरंभीचा खर्च संगीताच्या जलशांबाहेर शाकाहारी खाद्य विकून भागविला. त्याच वर्षी, पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टरच्या गुरांच्या बाजारात मृत जनावरांच्या ढिगावर टाकून दिलेल्या एका मेंढीने ही माणसे जवळ येताच मान उचलली. पशुवैद्याकडे नेल्यावर ती उठून उभी राहिली. ‘हिल्डा’ या नावाने पुढे दहा वर्षांहून अधिक काळ जगली.

हिल्डाची ही कथा कोणाचेही अंतःकरण हेलावील. परंतु माझे मन अधिक गुंतले ते सुटकेनंतरच्या कामात, म्हणजे अशा जनावरांना कायमची घरे शोधून देण्याच्या व्यवस्थेत. मुंबईत भुलेश्वरला १८३४ साली जमशेटजी जिजीभाई प्रभृतींनी उभारलेल्या पांजरपोळामुळे अनाथ जनावरांच्या आश्रयस्थानाची कल्पना आपल्याला परकी नाही. मात्र पांजरपोळात शिरलेले जनावर बहुधा तेथेच आयुष्य संपविते. मेंढी दहा-बारा वर्षे सहज जगते, आणि कुरण केवढेही विस्तीर्ण असले तरी गवताला मर्यादा आहे. म्हणून जी संस्था केवळ आत घेते तिला लवकरच पुढच्या जनावरास दारातून परत पाठवावे लागते. म्हणून जनावरे बाहेरच्या घरी सोपविली जातात, आणि ती नेऊ इच्छिणाऱ्या अर्जदारांची आधी छाननी होते: जमीन किती, कुंपण भक्कम आहे की नाही, मोठ्या जनावरांना तपासणारा वैद्य जवळपास आहे काय, स्थानिक कायदा परवानगी देतो काय. करारनाम्यात हमी घेतली जाते की जनावर कापले जाणार नाही, विकले जाणार नाही, त्याची पैदास केली जाणार नाही.

या व्यवहारातील एक अट मला विलक्षण वाटली, कारण ती कोणाच्याही सोयीसाठी वाकत नाही: एकट्या मेंढीची रवानगी होत नाही. अंगणातले गवत चरायला एखादी मेंढी हवी, असे म्हणणाऱ्या सद्गृहस्थास नकारच मिळतो. केंब्रिजजवळील बाब्राहम संस्थेत कीथ केंड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसून आले, की मेंढी आपल्या जातीचे पन्नास चेहरे ओळखू शकते आणि दोन वर्षांपर्यंत ते विसरत नाही. अशा प्राण्याला कळपातून उपटून एकटे ठेवणे ही भुकेइतकीच खरी यातना होय, आणि ही गोष्ट आपल्या कोणत्याही धनगराला संशोधनावाचून ठाऊक आहे. म्हणून जोडी जमलेली पाहून दोघींना एकत्र घर शोधायचे, मग त्यातली एक म्हातारी वा लंगडी का असेना.

घर मिळाले तरी काम संपत नाही. माणसाने शतकानुशतके निवड करून वाढविलेली लोकर बहुतेक जातींत आपोआप गळत नाही, ती दरवर्षी कातरावी लागते. खूर वेळोवेळी छाटावे लागतात. बकरीला मानवणारा खुराक मेंढीला घातला तर त्यातील तांबे यकृतात साठून ती दगावू शकते. पोटातील रक्तशोषक जंत औषधांना दाद देईनासे झाले आहेत, तेव्हा पापणी उलटून आतली लाली फिकी पडली आहे काय हे पाहूनच औषध द्यायचे, ही पद्धत नव्या पालकाला शिकावी लागते. नराला खच्ची केल्यावाचून कळपात सोडता येत नाही. मांसासाठी पैदा केलेल्या कोंबड्यांचे तर शरीरच त्यांच्या पायांना पेलवत नाही, आणि कोंबड्याच्या आरवण्याला शहरालगतची वस्ती राजी नसते.

याहून अवघड प्रश्न माणसांचाच आहे. जनावराच्या आयुष्याइतकी माणसाची परिस्थिती स्थिर राहत नाही. नोकरी बदलते, जमीन विकावी लागते, पालक स्वतःच थकतो. मग मेंढरे परत येतात, दप्तर पुन्हा उघडते, आणि शोध सुरू होतो तो आता अधिक वृद्ध झालेल्या दोघींना एकाच कुंपणात घेणाऱ्या घराचा. एकीलाच न्यायला तयार असलेली माणसे दारात उभी असली तरीही.