दुहेरी श्वासाची गोगलगाय

बीड जिल्ह्यातील युसूफ वडगावचा परिसर अवर्षणाचा. उन्हाळ्यात तळी आटली, म्हणजे पाण्यातील जीवांनी जावे कोठे? गोड्या पाण्यातील ‘पायला’ नावाच्या गोगलगायीला निसर्गाने यावर उपाय दिला आहे. तिला पाण्यात श्वसनासाठी कल्ला आणि हवेसाठी फुप्फुसकोश असतो. पाणी आटताच ती चिखलात शिरते, शंखाचे दार घट्ट मिटते आणि पावसाची वाट पाहत महिनोन्‌महिने निपचित पडून राहते.

ही गोगलगाय घरी काचपात्रात पाळता येते. तिला पाणवनस्पती खावयास द्याव्यात. पात्रावर जाळीचे झाकण ठेवावे. मात्र ते पाण्याने काठोकाठ भरू नये. वर येऊन हवा घेता आली नाही, तर ती भर पाण्यातही गुदमरते. जीव पाळावयाचा, तर आधी त्याची राहणी जाणून घ्यावी.