गाळ निघूच नये म्हणून सरकार किती पैसे देतं?

ज्यांना वीर ते महाड प्रवासात ऐकायला रेंज मिळत नाही, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार.

विषय घरचाच, महाड एमआयडीसी. वीर, बिरवाडी, पोलादपूर, कुठूनही असा, तुमच्या घरातलं किंवा शेजारचं कोणीतरी तिथे पाळी करतं. ३ नोव्हेंबर २०२३ ला तिथल्या एका औषध कंपनीत स्फोट होऊन आग लागली आणि ११ कामगार गेले. तेव्हापासून एक प्रश्न मला सारखा येतो: घातक कचरा कमी करायला, कमी धोक्याची रसायनं वापरायला सरकार कंपन्यांना मदत करत नाही का?

करतं. पण पैसा नेमका कुठे पडतो ते बघायला हवं, आणि त्यासाठी थोडी केमिस्ट्री लागेल. घाबरू नका, बारावीचीच आहे.

रंग आणि औषधं बनवताना मधल्या टप्प्यात बऱ्याचदा 'नायट्रो' रसायनाचं 'अमाइन' करावं लागतं. जुनी पद्धत म्हणजे लोखंडाचा चुरा, पाणी आणि थोडं ॲसिड. स्वस्त, सोपी, साध्या भांड्यात होणारी. हिशोबासाठी ॲनिलीन घेऊ (फक्त उदाहरण म्हणून, महाडात कोण काय बनवतं ते मी सांगत नाहीये). समीकरणाप्रमाणे ९३ किलो ॲनिलीन मिळवायला साधारण १२६ किलो लोखंड लागतं आणि मागे उरतो १७४ किलो लोखंडाचा काळा गाळ. म्हणजे मालापेक्षा कचरा जवळजवळ दुप्पट! हे कोरडं वजन झालं. प्रत्यक्षात गाळ ओला निघतो, त्यात रसायन अडकलेलं असतं, म्हणून तो घातक कचऱ्यात मोजला जातो. २०१६ च्या नियमांनुसार कारखान्याने असा कचरा एरवी ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही. मग ट्रक भरून तळोज्यासारख्या ठिकाणच्या घातक कचरा केंद्रात पाठवायचा आणि त्याचे पैसेही मोजायचे.

दुसरी पद्धत हायड्रोजनची. निकेल किंवा पॅलेडियमच्या उत्प्रेरकावर हायड्रोजन सोडला की त्याच ९३ किलो ॲनिलीनमागे निघतं ३६ किलो पाणी. बस्स. उत्प्रेरक गाळून पुन्हा वापरता येतो.

मग सगळे हेच का करत नाहीत? कारण हायड्रोजन म्हणजे खेळ नाही. दाब सहन करणारं भांडं हवं, गॅस गळती ओळखणारे डिटेक्टर हवेत, ठिणगी न पडणारी विजेची जोडणी हवी, शिकलेला ऑपरेटर हवा. एक प्रकारचं निकेल तर कोरडं पडलं की हवेत आपोआप पेटतं. गाळ वाचवायला गेलो आणि स्फोट ओढवून घेतला, असं महाडात तरी व्हायला नको. म्हणजे पैसा फक्त यंत्राला नाही, सुरक्षेलाही लागतो.

आता मदत बघू. सगळ्यात मोठा हात सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राला, म्हणजे सीईटीपीला. केंद्राच्या २०१२ च्या सुधारित योजनेत खर्चाचा ५० टक्के वाटा केंद्राचा, २५ टक्के राज्याचा आणि उद्योगांचा फक्त २५ टक्के. सावित्रीच्या काठावर राहणाऱ्याला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पण हा पैसा पाइपच्या शेवटच्या टोकाला लागतो. भांड्यात काय शिजतंय, ते यात बदलत नाही.

भांडं बदलायला काय मिळतं? महाराष्ट्राच्या २०१३ च्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत स्वच्छ उत्पादनाच्या यंत्रसामग्रीवर २५ टक्के अनुदान होतं. वाचायला छान वाटतं, पण कमाल मर्यादा ५ लाख रुपये. दाबाचं भांडं, डिटेक्टर, हायड्रोजनची साठवण, यात ५ लाख कुठे पुरणार, तुम्हीच सांगा.

केंद्राची झेड योजना आहे, २०२२ पासून नव्या रूपात. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशी प्रमाणपत्रं. फी अनुक्रमे १० हजार, ४० हजार, ९० हजार. त्यात सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के, लघुला ६०, मध्यमला ५० टक्के सवलत. ब्राँझपासून सुरुवात करायला काहीच हरकत नाही, त्या निमित्ताने निदान कचरा मोजायची सवय लागते. पण प्रमाणपत्र म्हणजे नवं यंत्र नव्हे.

कामाची वाटते ती एमएसई-गिफ्ट. सूक्ष्म आणि लघु उद्योगाने हरित तंत्रज्ञानासाठी घेतलेल्या २ कोटींपर्यंतच्या कर्जावर व्याजात २ टक्के सूट. १ कोटी कर्ज असेल तर पहिल्या वर्षी साधारण २ लाख वाचतात. तळोज्याला जाणारे ट्रक कमी झाले तर तीही बचत यात धरा. आपली प्रक्रिया यात बसते का, हे मात्र कर्ज घेण्याआधी बँकेत विचारायचं, नंतर नाही.

मला विचाराल तर हे सगळं अर्धवट आहे, कारण पैसा आणि तारीख एकत्र येत नाहीत. एकत्र आले की काय होतं, हे आपण पाहिलंय. ओझोनच्या थराला भोक पाडणारी रसायनं बंद करायच्या माँट्रियल करारात भारत १९९२ मध्ये सामील झाला. त्या कराराच्या बहुपक्षीय निधीतून आपल्या कारखान्यांना नवं रसायन आणि नवी यंत्रं घ्यायला पैसे मिळाले. फोम बनवायला वापरलं जाणारं एचसीएफसी-१४१बी हे रसायन भारतात १ जानेवारी २०२० पासून बंद झालं. मदत मिळणार, पण या तारखेनंतर जुनं चालणार नाही, असा सरळ व्यवहार. लोखंडाच्या गाळाला अशी तारीख कोणी दिलेली नाही.

'लोकांच्या करातून कंपनीचं भांडं कशाला?' असंही काही जण म्हणतात. मोठ्या कंपनीसाठी मलाही ते पटतं. पण जॉबवर्क करणाऱ्या वीस माणसांच्या युनिटला बँक दारात उभं करत नाही, आणि गाळाची पिंपं उचलणारी तिथली माणसं आपल्याच गावची असतात.

तुम्ही स्वतः काय बघू शकता? सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या आदेशापासून घातक रसायनं हाताळणाऱ्या कारखान्याने गेटबाहेर बोर्ड लावायचा असतो. आत कोणती रसायनं आहेत, सांडपाणी किती, घातक कचरा किती, हे सगळं त्यावर हवं. शिवाय दरवर्षी ३० जूनपर्यंत कचऱ्याचा वार्षिक हिशोब प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यावा लागतो. पाळीवर जाताना तो बोर्ड एकदा थांबून वाचा. कचऱ्याचा आकडा बघा, आणि तो शेवटचा कधी बदललाय, तेही बघा.