विश्लेषण : जुन्या शेवरोले पिकअपचा मागचा ॲक्सल दुरुस्त करावा की बदलावा?

शेवरोलेचा ३१०० हा अर्ध्या टनाचा पिकअप १९४७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या बाजारात आला. १९५५ च्या सुरुवातीपर्यंत तो बनत होता. गोलसर बॉनेटचा हा पिकअप आजही हौशी मालकांचा लाडका आहे. रंग, काचा, सीट यांवर भरपूर खर्च होतो. पण गाडी महामार्गावर आली की सगळ्यांना एकच प्रश्न पडतो. मागच्या ॲक्सलचे करायचे काय? मूळचाच दुरुस्त करायचा की नव्या गाडीचा बसवायचा? हा निर्णय वाटतो तितका सोपा का नाही, ते समजून घेऊ.

महामार्गावर ही गाडी धापा का टाकते?

या पिकअपच्या मूळ ॲक्सलचे गिअर गुणोत्तर ४.११ आहे. म्हणजे इंजिनाकडून येणारा शाफ्ट ४.११ वेळा फिरतो, तेव्हा चाक एकदा फिरते. शेतातून, कच्च्या रस्त्याने माल ओढायला हे गुणोत्तर उत्तम. अमेरिकेतील आंतरराज्य महामार्गांचा मोठा कायदा १९५६ चा, म्हणजे गाडी आधीची आणि रस्ता नंतरचा.

हिशेब सोपा आहे. सुमारे ७३ सेंटिमीटर व्यासाचे टायर असतील, तर वरच्या गिअरमध्ये ताशी १०० किलोमीटरला इंजिनाची मिनिटाला जवळपास ३,००० आवर्तने होतात. १९५३ पर्यंतच्या गाड्यांमधील साडेतीन लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन आपली सुमारे ९० अश्वशक्ती ३,३०० आवर्तनांना देते. म्हणजे तासन् तास त्याला जवळजवळ शेवटच्या दमावर पळवायचे. या इंजिनाच्या आतल्या भागांना तेल पोहोचवण्याची पद्धतही आजच्यासारखी पूर्ण दाबाची नव्हती. त्यामुळे सतत जास्त आवर्तने त्याला मानवत नाहीत.

मग ॲक्सल सरळ बदलून का टाकत नाहीत?

कारण ‘टॉर्क ट्यूब’. आजच्या ट्रकखाली वाकून पाहिले तर प्रॉपेलर शाफ्ट उघडा फिरताना दिसतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात. ३१०० मध्ये हा शाफ्ट एका जाड पोलादी नळीत बंद आहे. नळीचे मागचे टोक ॲक्सलला घट्ट बोल्ट केलेले, तर पुढचे टोक गिअरबॉक्सच्या मागे गोलाकार सांध्यात बसलेले. क्रॉस फक्त पुढच्या टोकाला. चाके फिरवताना ॲक्सलला बसणारा उलटा पीळही हीच नळी सांभाळते.

थोडक्यात, ॲक्सल, शाफ्ट आणि गिअरबॉक्सचा मागचा भाग ही एकच जोडणी आहे. उघड्या शाफ्टचा नवा ॲक्सल लावायचा, तर गिअरबॉक्सही बदलावा लागतो किंवा त्याच्या मागच्या भागात फेरफार करावा लागतो. गिअरबॉक्स बदलला की त्याचे माउंटिंग, क्लचची जोडणी आणि गिअरचा दांडाही बदलतो. एका कामातून चार कामे निघतात आणि अर्धवट सोडलेल्या अनेक गाड्या इथेच अडकतात. कंपनीनेही १९५५ मध्ये बंद शाफ्ट सोडून उघडा शाफ्ट स्वीकारला.

दुरुस्तीत नेमके काय करतात?

पहिले काम म्हणजे जुने तेल काढून पाहणे. तेलात बारीक चकाकी असणे वयाला धरून आहे. धातूचे तुकडे दिसले तर मात्र गिअर किंवा बेअरिंग गेले आहे. या गाडीची एक जुनी खोडही आहे. टॉर्क ट्यूबमधले सील आणि बुश झिजले की गिअरबॉक्सचे तेल नळीतून हळूहळू ॲक्सलमध्ये उतरते. तिथे पातळी वाढते आणि तेल चाकांकडच्या सीलमधून ब्रेकच्या ड्रममध्ये झिरपते. गिअरबॉक्स कोरडा, ब्रेक तेलकट! म्हणून फक्त चाकाजवळचे सील बदलून भागत नाही. तेल येते कुठून ते आधी शोधावे लागते.

त्यानंतर बेअरिंग, सील आणि गरज असल्यास क्राउन-पिनियन बदलतात. क्राउन आणि पिनियन नेहमी जोडीनेच बदलायचे. त्यांच्या दातांमधली मोकळीक अशा ॲक्सलमध्ये साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर असते. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा. दातांना रंग लावून ते एकमेकांवर कुठे टेकतात ते तपासायचे आणि पातळ शिम घालून किंवा काढून जागा जुळवायची. ही मोकळीक चुकली तर नवा गिअरही काही दिवसांत घरघर करू लागतो.

यात मधला मार्गही आहे. १९५० ते १९५४ च्या पॉवरग्लाइड म्हणजे ऑटोमॅटिक शेवरोले मोटारींना ३.५५ गुणोत्तराचा गिअर संच होता. तसा संच पिकअपच्या मूळ ॲक्सलमध्ये बसवता येतो. टॉर्क ट्यूब तशीच राहते आणि ताशी १०० किलोमीटरला आवर्तने २,६०० च्या आत येतात. बदल्यात चढावर आणि ओझे असताना गाडी थोडी मंदावते.

ॲक्सल बदलायचाच असेल तर?

१९९५ ते २००१ च्या फोर्ड एक्सप्लोररचा मागचा ॲक्सल अनेक जण निवडतात. तो मजबूत आहे, भंगारबाजारात मिळतो आणि त्याला डिस्क ब्रेक आहेत. पण त्याचे चाक पाच बोल्टचे, तर शेवरोलेचे सहा बोल्टचे. पुढची चाके जुनीच ठेवली, तर एक स्टेपनी चारही चाकांना चालत नाही. खरेदीपूर्वी दोन्ही ॲक्सलची रुंदी चाक जिथे टेकते त्या पृष्ठभागापासून मोजावी. अन्यथा टायर मडगार्डला घासतो.

खरी परीक्षा वेल्डिंगची. टॉर्क ट्यूब गेल्यावर ॲक्सलचा पीळ पाट्यांवर येतो. पाटे ज्या बैठकीवर बसतात, ती ॲक्सलला योग्य कोनात वेल्ड व्हायला हवी. गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि पिनियन एकमेकांना समांतर नसतील, तर वेग वाढताच गाडी थरथरते आणि क्रॉस लवकर जातात. त्यामुळे गाडीचे पूर्ण वजन पाट्यांवर असताना आधी फक्त टाके मारायचे, कोन मोजायचा आणि मगच पक्के वेल्डिंग करायचे. प्रॉपेलर शाफ्टची लांबीही शेवटीच मोजायची आणि शाफ्ट बॅलन्स करून घ्यायचा.

ब्रेक आणि स्पीडोमीटरचे काय?

इथे सर्वाधिक दुर्लक्ष होते. मूळ ब्रेक एकाच सर्किटचे आहेत. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. ड्रमसाठीच्या जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये नळ्यांत थोडा दाब राखणारी झडप असते. मागे डिस्क लावून तोच सिलिंडर ठेवला, तर पॅड सतत घासून तापतात. ॲक्सलसोबत दुहेरी सर्किटचा योग्य मास्टर सिलिंडर आणि हँडब्रेकची केबल हिशेबात धरलीच पाहिजे.

स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालतो. गिअरबॉक्स तोच ठेवून गुणोत्तर ४.११ वरून ३.५५ केले, तर काटा ८० दाखवताना गाडी प्रत्यक्षात ९२ च्या पुढे असते. जुन्या ब्रेकवर हा फरक महागात पडू शकतो.

भारतात असे करता येईल का?

जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणी कारखाना सुरू केला होता. त्यामुळे जुनी शेवरोले वाहने आपल्याकडेही आहेत. मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करण्यावर निर्बंध आहेत. २०२१ च्या व्हिंटेज वाहन नियमांतही गाडी मूळ स्वरूपात असण्याची अट आहे. त्यामुळे वेल्डिंगआधी आरटीओत विचारणा करणे शहाणपणाचे.

मग निवड कशी करायची?

गाडी गावात, प्रदर्शनात आणि ताशी ७०-८० च्या आत चालवायची असेल, तर मूळ ॲक्सलची नीट दुरुस्ती पुरेशी आहे. अधूनमधून महामार्ग असेल तर ३.५५ चा संच. रोज लांबचा प्रवास असेल तरच पूर्ण बदल आणि तोही गिअरबॉक्स, ब्रेक व शाफ्टचा खर्च एकत्र मांडून. काहीही ठरले तरी काढलेला मूळ ॲक्सल आणि टॉर्क ट्यूब भंगारात देऊ नये. पुढच्या मालकाला गाडी पुन्हा मूळ रूपात आणायची झाली, तर हेच भाग लागतील.