बाळगुटीतले अतिविष येते कुठून?

बाळगुटीच्या पुडीत हिरडा, मायफळ, वेखंड, मुरुडशेंग यांच्याबरोबर करड्या सालीचे, आतून पांढरे असे एक छोटे मूळ असते. ते अतिविष. सहाणेवर त्याचे दोन-चार वेढे द्यायचे, एवढाच आपला त्याच्याशी संबंध. (सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. गुटीचा विषय त्यांच्याशी बोलूनच ठरवावा.) हे मूळ महाराष्ट्रात कुठेच उगवत नाही. ते येते हिमालयातून, जिथे झाडे संपत येतात तिथून आणि त्याही वरच्या कुरणांतून.

गढवालमध्ये साधारण ३,३०० ते ३,६०० मीटरवर झाडांची हद्द संपते. शेवटचे झाड बहुधा भूर्जाचे, ज्याच्या सालीवर पूर्वी पोथ्या लिहीत ते. त्यापुढे बुग्याळ, म्हणजे गवताची आणि फुलांची मोकळी कुरणे.

झाडे तिथेच का थांबतात? हिवाळ्याच्या थंडीने मरतात म्हणून नव्हे. भूर्जाला कडाक्याची थंडी सोसते. खरी अडचण उन्हाळ्याची आहे. वाढीच्या दिवसांत सरासरी तापमान सहा-सात अंशांच्या खाली राहिले, तर खोड-फांद्यांत नव्या पेशी घडण्याचे काम जवळपास थांबते. उंच झाडाचा शेंडा सतत वाऱ्यात असतो, त्यामुळे तो हवेइतकाच गार. जमिनीला चिकटून वाढणारे रोप मात्र उन्हात हवेपेक्षा बरेच अंश उबदार राहते. तिथे खुजे असणे हाच फायदा. काहींनी याहून पुढची सोय केली आहे. फेनकमळ पांढऱ्या लोकरीत गुरफटलेले असते, तर ब्रह्मकमळाच्या फुलांभोवती कागदासारख्या पातळ पानांचे आवरण असते, छोट्या काचघरासारखे. (आपल्या गच्चीत रात्री फुलते ते ब्रह्मकमळ हे नव्हे; तो मध्य अमेरिकेकडचा निवडुंग आहे.)

ऊब मिळाली तरी वेळ मिळत नाही. मे-जूनमध्ये बर्फ वितळतो आणि ऑक्टोबरपर्यंत थंडी परत येते. एवढ्या तीन-चार महिन्यांत पाने, फुले, बी असे सगळे उरकायचे आणि पुढच्या वर्षाची बेगमीही करायची. म्हणून यातल्या अनेक वनस्पती आपली पुंजी जमिनीखाली ठेवतात, कंदात आणि मुळात. अतिविष, कुटकी, जटामांसी यांचा आपल्याला हवा असलेला भाग नेमका तोच. पान खुडले तर रोप पुन्हा फुटते. कंदच उपटला तर काही वर्षांची कमाई एका झटक्यात जाते, आणि बी पडण्याआधी उपटला तर पुढची पिढीही. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत जटामांसी आज अतिसंकटग्रस्त आहे. कुटकी आणि जटामांसीच्या परदेशी व्यापारावर १९९७ पासून आंतरराष्ट्रीय करारानुसार नियंत्रण आहे, पण देशातली मागणी काही कमी नाही.

उपटण्याचा परिणाम केवळ संख्येवर होत नाही. ब्रह्मकमळाचा एक भाऊबंद तिबेट-युनानच्या डोंगरांत वाढतो. तो आयुष्यात एकदाच फुलतो आणि मरतो. औषधासाठी लोक त्यातली मोठी फुलेच शोधून नेतात. अमेरिकेतील दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी शंभराहून अधिक वर्षांतले वाळवून ठेवलेले नमुने मोजले आणि २००५ मध्ये निष्कर्ष मांडला की ही वनस्पती खुजी होत गेली आहे. मोठी रोपे बी धरण्याआधीच जातात, मागे राहतात ती लहान. त्याच भागातली दुसरी जात लोक फारशी तोडत नाहीत. तिची उंची मात्र घटलेली नाही.

तुटवडा आला की बाजारात भेसळ शिरते. अतिविषाच्या बाबतीत ही धोक्याची गोष्ट आहे, कारण जहाल विषारी बचनाग त्याचाच नातेवाईक. तेव्हा गुटीचे सामान रस्त्यावरच्या ढिगातून न घेता ओळखीच्या, खात्रीच्या दुकानातून घ्यावे.

उत्तराखंडात आता या मुळांची शेतीही होते. चमोली जिल्ह्यातले घेस हे गाव कुटकीसाठी नावाजले आहे. अतिविष जास्त हट्टी आहे. त्याचे बी कमी उगवते, रोपे खालच्या उबदार हवेत नीट टिकत नाहीत आणि कंद भरायला काही वर्षे लागतात. तोवर शेतकऱ्याच्या हाती त्या वाफ्यातून काहीच येत नाही, आणि शेजारच्या बुग्याळात तोच कंद फुकट असतो.