लेखांक ६ : एका माणसातल्या दोन कालगणना

प्रौढ व्यक्तीला बायपोलर आजार आणि एडीएचडी हे दोन्ही असतात तेव्हा नेमके काय घडते, हे उलगडताना लक्षणांच्या याद्यांपेक्षा काळाचा हिशेब अधिक उपयोगी पडतो. बायपोलर आजार, म्हणजेच द्विध्रुवीय भावनिक विकार, आवर्तनांनी येतो. त्यात काही दिवस, आठवडे किंवा महिने मन उन्मादाकडे किंवा खोल औदासीन्याकडे ओढले जाते आणि दोन आवर्तनांच्या मध्ये माणूस बहुतांशी आपल्या मूळ स्वभावात परत येतो. एडीएचडी, म्हणजे अवधानाची अस्थिरता आणि अतिचंचलता, हिला आवर्तने नसतात. मेंदूच्या वाढीच्या काळातच तिची घडण होते आणि बालपणापासून ती रोज, सुटीच्या दिवशीही, सोबत असते. पहिल्याच्या खुणा कॅलेंडरवर करता येतात, दुसरीच्या खुणा शाळेच्या जुन्या प्रगतिपुस्तकात शेऱ्यांच्या रकान्यात सापडतात.

हा योग दुर्मीळ नाही. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणानुसार बायपोलर आजार असलेल्या सुमारे सहा प्रौढांमागे एकाला एडीएचडीही असते, आणि एडीएचडी असलेल्या तेरा प्रौढांमागे एकाला बायपोलर आजार असतो. उरण, अलिबाग, मुरुड, म्हसळा, श्रीवर्धन या किनारपट्टीवर मात्र या दोन्ही अवस्थांना आजाराचे नाव मिळण्याआधी लोकांची नावे मिळतात: एकाला वारे लागलेले असते किंवा बाहेरचे झालेले असते, त्यामुळे आधी भगताकडे नारळ जातो आणि मग दवाखान्याची वाट धरली जाते, दुसरा नुसताच धांदरट, उनाड, एका जागी बूड न टेकणारा ठरतो आणि त्याच्यासाठी कोणी कुठेच जात नाही. एकाच माणसाला ही दोन्ही विशेषणे लागलेली असतील तर त्यांतले जुने विशेषण नव्याच्या आड लपते, आणि निदान बहुधा अर्धेच होते.

निदानाची अडचण खरी आहे, कारण वरवर पाहता लक्षणे एकमेकांवर चढलेली असतात. भराभर बोलणे, दुसऱ्याचे वाक्य तोडणे, एक काम टाकून दुसरे धरणे, हातात पैसा न टिकणे, रात्री उशिरापर्यंत जागे राहणे, हे सारे उन्मादातही दिसते आणि एडीएचडीतही. प्रचलित निकषांनुसार उन्मादाचे आवर्तन निदान सात दिवस, सौम्य उन्मादाचे चार दिवस आणि औदासीन्याचे दोन आठवडे टिकलेले असावे लागते, तर एडीएचडीच्या निदानासाठी वयाच्या बाराव्या वर्षापूर्वीच्या खुणा शोधाव्या लागतात. तिसरीच्या प्रगतिपुस्तकात ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही, वर्गात बडबड करतो’ असा शेरा असेल, तर चाळिशीतल्या रुग्णाच्या बाबतीत तो एखाद्या महागड्या तपासणीपेक्षा अधिक सांगून जातो. झोपेची तऱ्हाही वेगळी असते: एडीएचडी असलेल्या माणसाला झोप लागत नाही आणि दुसऱ्या दिवशी तो थकलेला असतो, तर उन्मादात माणूस दोन-तीन तास झोपून ताजातवाना उठतो, कारण त्याला झोपेची गरजच उरलेली नसते. शिवाय स्वतःविषयीची अवास्तव भव्य कल्पना, म्हणजे आपण गावाचे नशीब पालटणार आहोत अशा जातीची खात्री, एडीएचडीच्या नेहमीच्या चित्रात बसत नाही. ती दिसली की उन्मादाचा विचार करावा लागतो.

बायपोलर आजार समजावताना भरती-ओहोटीची उपमा सर्रास दिली जाते आणि समुद्राकाठी ती लगेच पटतेही, पण ती फसवी आहे. भरतीची वेळ पंचांगात छापून येते. उन्मादाची येत नाही. या उपमेला थोडासा शास्त्रीय आधार मात्र अनपेक्षित ठिकाणाहून मिळालेला आहे. थॉमस वेहर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने २०१८ साली झपाट्याने आवर्तने येणाऱ्या १७ बायपोलर रुग्णांच्या दीर्घ नोंदी तपासून असे मांडले, की त्यांच्या मनःस्थितीतील बदल उधाण आणि भांग यांच्या चांद्रचक्राशी जुळत होते, आणि याचे कारण त्यांच्या शरीरातील घड्याळावर २४ तास ५० मिनिटांच्या चांद्रदिवसाचा प्रभाव पडत असावा. सतरा ही संख्या लहान आहे आणि या निष्कर्षावरून कोणाही एका रुग्णाचे भाकीत करता येत नाही, हे लक्षात ठेवूनच तो वाचला पाहिजे. अमावस्या-पौर्णिमेला डोके फिरते या समजुतीला तो दिलेला दाखला नव्हे.

झोपेची लय बिघडली की उन्माद डोके वर काढतो ही गोष्ट मात्र पक्की आहे, आणि म्हणूनच एलन फ्रँक व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत विकसित केलेल्या एका उपचारपद्धतीत झोप, उठणे, जेवण आणि माणसांशी भेटीगाठी यांच्या वेळा जवळजवळ घड्याळाला बांधून घेतल्या जातात. ही लय सांभाळणे किनाऱ्यावर सोपे नाही. डोल जाळे, म्हणजे प्रवाहाच्या तोंडाशी रोवून ठेवलेले पिशवीसारखे जाळे, पाण्याच्या ओढीवर भरते आणि पाणी वळण्याच्या सुमारास ओढावे लागते. ती वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे डोलीवर जाणारा माणूस एका पंधरवड्यात पहाटेचा रात्रीवर आणि रात्रीचा पुन्हा पहाटेवर येतो. थळच्या खत कारखान्यातील किंवा न्हावा-शेवा बंदरातील पाळ्या निदान तक्त्यावर लिहिलेल्या असतात. भरतीची पाळी बदलून मागता येत नाही. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात लय सुधारण्याची संधी असते, पण नेमके त्याच वेळी कामाचा बाहेरून मिळणारा आधार सुटतो, आणि एडीएचडी असलेल्या माणसाला रिकामा दिवस हा भरलेल्या दिवसाहून जड जातो.

दोन्ही निदाने पक्की झाल्यावर उपचारांचा क्रम हा कळीचा प्रश्न ठरतो, आणि त्याचे उत्तर बहुतेक तज्ज्ञ एकच देतात: आधी मनःस्थिती स्थिर करावी, मग अवधानाकडे वळावे. एडीएचडीवरील मुख्य औषध मेथिलफेनिडेट हे उत्तेजक आहे, म्हणजे ते मेंदूतील डोपामिन व नॉरएपिनेफ्रिन या रसायनांची क्रिया वाढवते. स्वीडनमधील आरोग्य नोंदींवर आधारित २०१७ च्या एका अभ्यासात २,३०७ बायपोलर रुग्णांचा मागोवा घेतला असता, मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध न घेता मेथिलफेनिडेट सुरू केलेल्यांमध्ये पहिल्या तीन महिन्यांत उन्मादाचा धोका सुमारे ६.७ पट वाढलेला आढळला. स्थिर ठेवणारे औषध सोबत असलेल्यांमध्ये अशी वाढ दिसली नाही. क्रम उलटा झाला तर काय होते याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही. भारतात हे औषध गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ च्या कक्षेत येते आणि लहान गावातील दुकानदार ते ठेवण्याच्या भानगडीत सहसा पडत नाहीत. अॅटोमॉक्सेटिन हे उत्तेजक नसलेले औषध पर्याय म्हणून दिले जाते. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्याच्यावरही मनःस्थितीच्या दृष्टीने नजर ठेवावी लागते.

मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधांत लिथियमचे स्थान अजूनही वरचे आहे. ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ साली उन्मादावरील त्याचा परिणाम प्रसिद्ध केला. ते कारखान्यात जुळवलेले गुंतागुंतीचे रसायन नसून सोडियमच्या कुळातलाच एक क्षार आहे, आणि त्याचे गुण व धोके दोन्ही या नात्यातून येतात. रक्तातील त्याची पातळी साधारणतः दर लीटरमागे ०.६ ते १.० मिलिमोल इतकी राखावी लागते. त्याखाली गुण येत नाही आणि १.५ च्या पुढे विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. मूत्रपिंड लिथियमला सोडियमसारखेच वागवते, म्हणून घामाने, जुलाबाने किंवा पाणी कमी पडल्याने शरीरातले मीठ-पाणी घटले की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवू लागते आणि त्यासोबत लिथियमही अडकते. मे महिन्याच्या दमट उकाड्यात होडीवर दिवसभर घाम गाळून पिंपातले पाणी पुरवून पुरवून पिणाऱ्या माणसाच्या बाबतीत, गोळ्यांची संख्या तीच असूनही रक्तातली पातळी चढू शकते. जाळी ओढून खांदे भरून आल्यावर दुकानातून चिठ्ठीविना घेतलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन, आणि रक्तदाबासाठी सुरू झालेली टेल्मिसार्टन, याही गोळ्या पातळी वाढवतात. रक्तदाबाचा सल्ला मिळाल्यावर मीठ एकाएकी तोडणे धोक्याचे, तसेच पावसाळ्यात खारवलेल्या मासळीवर एकाएकी भर देणेही बरे नव्हे, कारण त्याने पातळी खाली येते. निर्जळी एकादशी असो की रमजानचे रोजे, ते सुरू होण्याआधी डॉक्टरांशी बोलून पाण्याच्या आणि गोळीच्या वेळा ठरवाव्या लागतात. हात जोराने थरथरणे, उलट्या, जुलाब, जीभ जड होणे, चालताना झोक जाणे ही लक्षणे दिसली तर पुढची गोळी थांबवून तातडीने रुग्णालय गाठावे. अशा माणसाला दारू चढली आहे असे समजून झोपवून ठेवणे ही घातक चूक होय.

या आजारांच्या जोडीतली खरी गाठ येथे आहे. लिथियम नियमितपणा मागते आणि एडीएचडी नेमका तोच हिरावून घेते. गोळी घेतली की नाही हे न आठवल्याने दुसऱ्यांदा घेणे, पट्टी संपल्यावर चार दिवस दुकानात जायचे राहून जाणे, तपासणीचा कागद मोटारसायकलच्या डिकीत भिजून जाणे, यांना घरात बेफिकिरी म्हटले जाते. रक्ततपासणीचेच उदाहरण पाहावे: लिथियमची पातळी शेवटच्या गोळीनंतर सुमारे १२ तासांनी मोजायची असते, म्हणजे रात्री नऊला गोळी घेतली तर नमुना सकाळी नऊला द्यायचा आणि सकाळची गोळी असल्यास ती त्यानंतर घ्यायची. श्रीवर्धनहून किंवा मुरुडहून पहाटेची एसटी धरून अलिबागला येणारा माणूस सवयीने निघतानाच गोळी घेतो, आकडा फुगलेला येतो आणि त्यावरून मात्रा कमी केली जाण्याची शक्यता निर्माण होते. सात खणांची डबी, गोळीची वेळ रात्रीच्या जेवणाच्या ताटाशी जोडणे, आणि आदल्या रात्री डबीच्या झाकणावर ‘उद्या आधी रक्त’ अशी चिठ्ठी चिकटवणे, हे उपाय बाळबोध वाटले तरी अवधानाचा भार डोक्यातून काढून वस्तूंवर टाकणे हेच एडीएचडीच्या व्यवस्थापनाचे सूत्र आहे. घरात महिन्याभराचा साठा असावा हे ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने, जेव्हा झाडे पडून रस्ते अडले आणि कित्येक गावे दीर्घकाळ विजेविना राहिली, पुरेसे शिकवले आहे.

पैशाच्या बाबतीत दोन्ही आजार एकाच दिशेने ओढतात, आणि अलिबागच्या परिसरात ती दिशा बहुधा जमिनीकडे जाते. मुंबईच्या खरेदीदारांमुळे नारळी-पोफळीच्या वाडीला आलेला भाव, दारात उभा असलेला एजंट आणि सौम्य उन्मादातला, कधी नव्हे इतका उत्साही घरमालक हे तिघे एकत्र आले की विसार घेऊन साठेखत व्हायला दोन दिवस पुरतात. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२ नुसार एरवी शहाणा असणारी पण मधूनमधून मनाचे संतुलन जाणारी व्यक्ती, ते गेलेले असताना करार करण्यास पात्र नसते. परंतु सहीच्या दिवशी ते गेले होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी बहुधा घरच्यांवर येते, आणि त्या दिवशी तो माणूस तालुक्याच्या कचेरीत सर्वांशी हसून, हुशारीने बोललेला असतो.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने या अडचणीचा उपचारांपुरता तरी एक मार्ग दिला आहे. त्यातील पूर्वनिर्देश, म्हणजे प्रौढ व्यक्तीने भानावर असताना लिहून ठेवलेले असे पत्र, की पुढे निर्णयक्षमता गेल्यास आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत, हे बऱ्या दिवसांतल्या माणसाने आजारी दिवसांतल्या स्वतःसाठी लिहायचे असते, आणि क्षमता परत येताच त्याचा अंमल थांबतो. सोबत एक नामनिर्देशित प्रतिनिधीही नेमता येतो. कोकणातल्या घरांत अशा कागदावर मुंबईच्या थोरल्या भावाचे नाव घालण्याकडे कल असतो, कारण तो शिकलेला असतो आणि त्याचा शब्द चालतो. पण पहाटे तीनला अंगणातला दिवा लागलेला आणि माणूस जाळी विणत, गाणी म्हणत बसलेला पहिल्यांदा जिला दिसतो, ती बहुतेक वेळा त्याच छपराखाली झोपणारी बायको किंवा आई असते.